एक बोट, एक मूठ

आमच्या घरात सगळे ओरडून बोलत. शेजारी नवं बिऱ्हाड आलं की पहिले चार दिवस त्यांना वाटे, या लोहाराच्या घरात सकाळपासूनच भांडण जुंपलंय. आणि चुलीपुढून माय फक्त एवढंच विचारत असायची, "भाकरीवर काय देऊ, ठेचा का आंबाडीची भाजी?" आबा अंगणातून तितक्याच जोरात उत्तर द्यायचे, "हौ, आजच करतो!" मग माय कपाळावर हात मारून घ्यायची आणि दोन्ही वाढायची. परातीत भाकरी थापल्याचा आवाज, बाहेर पत्र्यावर उतरलेल्या चिमण्यांची खडखड, स्टेशनात गाडी पाणी घेत उभी असली की तिचा फुसफुस श्वास, हे सगळं मला ओसरीवर बसून वेगवेगळं ऐकू यायचं. आबांना यातलं काहीच ऐकू यायचं नाही. ही गोष्ट चार भिंतींबाहेर जाऊ द्यायची नाही, असा मायचा हुकूम होता. आबांचे कान गेले होते, आणि आबा होते मोटार मिस्त्री. बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोण आणणार? चालू इंजिनापुढं गिऱ्हाइकं तशीही ओरडून, हातवारे करूनच बोलत, म्हणून ते खपून जाई.

अजूनही मी फोनवर इतक्या मोठ्यानं बोलते की नातसून दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेते. लावू दे. सत्तर वर्षांचं वळण आता कुठं मोडायचं.

आबा मूळचे ऐरणीवरचे. आजोबांबरोबर नांगराचे झिजलेले फाळ तापवून शेवटत, कुऱ्हाडींना धार लावत. मग आमच्या सेलूतल्याच एका जिनिंगमध्ये इंजिनवाल्याच्या हाताखाली लागले आणि तिथं त्यांना यंत्राचं वेड लागलं. ऐरणीनं निम्मे कान नेले होते, उरलेले जिनिंगनं नेले. पण हात असा तयार झाला की पुढं स्टेशनच्या रस्त्याला लिंबाखाली चार पत्रे ठोकून त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा जिंतुराहून, मंठ्याहून लॉऱ्या येत. लोहाराचा पोर मिस्त्री झाला म्हणून भावकी नाकं मुरडायची आणि दिवाळीत त्याच मिस्त्रीकडून उसने पैसे न्यायची. आमची भावकी तशीच होती, मी काही तिचं गुणगान करणार नाही.

इंजिनाच्या पोटातल्या आवाजाच्या दोन जाती असतात, असं आबांनी मला शिकवलं. पहिला हलका. गाडी चढावर असली, वजन ओढत असली की पत्र्याच्या डब्यात ज्वारीचे दाणे हलवल्यासारखी टिकटिक येते. तो दोष तेलाचा. पेट्रोल हलकं असलं किंवा ठिणगी वेळेआधी पडत असली की दट्ट्या, पिस्टन म्हणा, पुरता वर यायच्या आतच भडका उडतो आणि त्याच्या डोक्यावर बसतो. त्यावर इलाज सोपा. ठिणगीची वेळ जरा मागं घ्यायची, जमलं तर तेल बदलायचं. दुसरा आवाज खालून येणारा, जड, ठक ठक. आत कोंडलेल्या माणसानं दार ठोठावावं तसा. इंजिन तापलं की तो वाढतो. तो दट्ट्याच्या दांड्याखालच्या बेरिंगचा. तिथला धातू झिजला की दांडा सैल होतो आणि दर फेऱ्याला आपटतो. कोणता दांडा, ते काढायचं तर चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून उपसायच्या. ज्या प्लगची वायर काढल्यावर ठक मऊ पडते, रोग तिथं. अशी गाडी पळवली तर दांडा तुटतो आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. "टिकटिक म्हंजी सर्दी," आबा म्हणत, "आन ठक म्हंजी काळजाचं दुखणं. सर्दीचं माणूस शेतावर जातंय. काळजाचं न्हाई."

आबांना हे सगळं ठाऊक होतं, फक्त ऐकू येत नव्हतं. म्हणून ऐकायला मी. पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाला लावायची, की आतलं सगळं कानात उतरतं. पण गिऱ्हाइकादेखत पोरगी निदान करते हे दिसून चालणार नव्हतं. म्हणून आधी आबा पेचकस स्वतःच्या कानाला लावत, डोळे मिटून मान हलवत, मग "धर गं" म्हणून माझ्या हातात देत आणि वायरी उपसायला वाकत. मी परकर सावरत उगाच उभी असल्यासारखी तो कानाशी नेई. मग परकरावर हात टेकवायचा. एक बोट म्हणजे तेल. मूठ म्हणजे आतलं. आबा चोरट्या नजरेनं बघत आणि मोठ्यानं निकाल देत. मी तेरा-चौदा वर्षांची होते. बापाची ही लबाडी मला भलतीच आवडायची. गावभर माझ्या बोटावर गाड्या चालत होत्या आणि कुणाला पत्ता नव्हता.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत पेट्रोल परवान्यावर मिळायला लागलं, आणि तेही पुरेना. मग सगळ्यांनी घासलेट मिसळायला सुरुवात केली. निम्मं घासलेट पिऊन आमच्या मुलखातली प्रत्येक लॉरी टिकटिक करत फिरायची. लढाई संपली तरी ती सवय गेली नाही. ड्रायव्हरांना तो आवाज इतका अंगवळणी पडला होता, की गाडी टिकटिकली नाही तर ते घाबरून आबांकडं येत. त्या दिवसांत माझी मूठ क्वचितच वळली असेल. दहातल्या नऊ वेळा एकच बोट.

माझी मोठी बहीण कौसल्या, आमची आक्का, येलदरीजवळ पूर्णेच्या काठी दिली होती. ते गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथं तिचं पहिलंच बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कुणी सांगायची गरज नसते. मायनं डिंक, सुंठ, बाळंतशेपा जमवून उतरंडीत ठेवल्या होत्या. पण आक्काची सासू म्हणाली, घरात गौरी बसायच्यात, त्या उठल्या की धाडते. गौरी उठल्या आणि झड लागली. काळ्या रानातल्या गाडीवाटा बंद झाल्या. बैल गुडघ्यापर्यंत रुतत होते. माय रोज आभाळाकडं बघून त्या सासूच्या सात पिढ्या उद्धरायची, तेही आमच्या घराच्या रीतीप्रमाणं ओरडून.

लढाई संपल्यावर फौजेच्या गाड्या लिलावात निघाल्या होत्या. त्यातली एक जीप आमच्याकडच्या एका ठेकेदारानं घेतली होती. चारही चाकांनी ओढणारी, बिनछताची, मातकट हिरवी. जिथं बैल बसत तिथून ती घोगरा आवाज काढत निघून जायची. तिच्यावर गफूरभाई ड्रायव्हर होते. उंच, हडकुळे, पानानं ओठ लाल, आणि आबांना 'उस्ताद' म्हणणारे. त्या सकाळी ते जीप घेऊन लिंबाखाली आले आणि उतरता उतरता म्हणाले, "उस्ताद, देखो तो जरा. दो रोज से इसके पेट में कुछ तो भी बजरा. इंजन ऑइल का काटा तो लिलाव के पहले सेच मरा हुआ है, कुछ समजताच नै."

आबा पाना शोधत होते तेवढ्यात आक्काचा धाकटा दीर, रामा, घोड्यावरून आला. कमरेपर्यंत चिखल, पायात वहाण नाही. अर्धी रात्र असतानाच तो निघाला होता. तो आबांपुढं उभा राहून म्हणाला, "वैनी अडलीय, आबा. परवाधरनं. लेकरू आडवं हाय म्हणती सुईण. म्हणती, आता माझ्या हातचं न्हाई, डाक्टर बगा." आबा त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. माय आतून धावत आली आणि तिला ते सगळं आबांच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. अडलीय. आडवं हाय. रस्त्यावरची माणसं थांबली. असली बातमी ओरडून सांगायची वेळ कुणाच्या आईवर येऊ नये.

डॉक्टर इथंच सेलूच्या सरकारी दवाखान्यात होता, पण तो घोड्यावर बसून त्या चिखलात जाणार नव्हता. आक्कालाच आणायला हवं होतं. गफूरभाईंनी कुणी विचारायची वाट पाहिली नाही. "चलो," ते म्हणाले. "सेठ हैदराबाद कू गए हैं. आए तो मैं बोल लेता. अपनी बहन है." मग ते आबांजवळ गेले आणि हातवारे करत म्हणाले, "पर उस्ताद, पहले आवाज देख लेव. पक्का बोलो. दौडाऊँ क्या नक्को?"

आबांनी इंजिन चालू करायला लावलं. झाकण वर केलं. पेचकस आधी त्यांच्या कानाला, मग माझ्या. जीप तशी टिकटिकतच होती, तीही घासलेटावरचीच. गफूरभाईंनी वेग थोडा वाढवला, थोडा सोडला. सोडताना त्या टिकटिकीच्या खालून मला दुसरं काहीतरी ऐकू आलं. आबा वायरी उपसायला लागले. पहिली काढली, लावली. दुसरी काढली, लावली. तिसरी काढली आणि ती खालची ठक मऊ पडली. लावली, परत आली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की आवाज मिसळलेले होते, पोरवय होतं, आजूबाजूला गलका होता. आता या वयात खोटं कशाला लिहू? मला ठक ऐकू आली होती. तिसऱ्या दट्ट्याखालची. स्वच्छ.

आबांनी माझ्या हाताकडं पाहिलं. मूठ वळली तर काय होणार ते मला पाठ होतं. आबा इंजिनाखालचं तेलाचं तसराळं उतरवणार, तेल काढणार, बेरिंगच्या जागी जुन्या पट्ट्याचं चामडं कापून बसवणार. अडीनडीला ते तसं करत, आणि त्याला दुसऱ्या दिवसाची दुपार होणार होती. आक्काला दुसऱ्या दिवसाची दुपार नव्हती. रामा घोड्याच्या मानेला टेकून उभा होता. माय लुगड्यात सुंठीची पुडी बांधत होती. मी परकरावर एक बोट टेकवलं.

आबांचा चेहरा एकदम सैल पडला. त्यांनी ठिणगीची वेळ जरा मागं घेतली, आणि टिकटिक खरंच कमी झाली. ती होतीच ना. गफूरभाईंनाही फरक कळला. "घासलेट हाय," आबा ओरडले. "दुसरं काय न्हाई. बिनघोर पळव." माय आणि रामा मागं बसले, गफूरभाईंनी बिस्मिल्ला म्हटलं आणि जीप देवगाव फाट्याच्या दिशेनं निघून गेली.

मूठ म्हणजे थांब आणि बोट म्हणजे जा. 'जा, पण हळू जा' अशी खूण आम्ही कधी केलीच नव्हती. पण मला तोंड होतं. मी गफूरभाईंच्या कानाशी जाऊन सांगू शकले असते, चाचा, आतलं वाजतंय, संथ न्या. मग आबांच्या कानांचं बिंग फुटलं असतं, एवढंच. तेवढ्यासाठी मी गप्प बसले.

ती दुपार आबांनी आणि मी पत्र्याखाली बसून काढली. आबांनी कामाला हात लावला नाही. ते रस्त्याकडं बघत नव्हते, माझ्या तोंडाकडं बघत होते. जीप आली तर आधी माझ्या चेहऱ्यावर येईल हे त्यांना माहीत होतं. संध्याकाळी यायला हवी होती. आली नाही. त्या रात्रीबद्दल मी काही लिहीत नाही.

सकाळी मला बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. मी उठले नाही. आबांनी माझ्याकडं पाहिलं आणि तेच उठून रस्त्यावर गेले. बैलगाडीत माय बसली होती, तिच्या मांडीवर आक्काचं डोकं होतं आणि अंगावर गफूरभाईंचा शर्ट पांघरलेला होता. लेकरू पोटातच होतं. गफूरभाई गाडीच्या मागं उघड्या अंगानं चालत होते. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळ्या तेलानं माखलेले होते.

जे झालं ते मायनं पुढं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. जाताना काही झालं नाही. येताना आक्काला आडवी घालायची म्हणून रामा गावीच राहिला. आक्का शुद्धीवर होती, जीपमध्ये घातली तेव्हा तिनं माझंच नाव घेऊन विचारलं, "चंद्री न्हाई आली?" जिंतुरापर्यंत ती मायचा हात दाबत होती. जिंतूर सोडल्यावर रस्ता जरा बरा लागला, म्हणून गफूरभाईंनी जीप पळवली. ओढ्याच्या चढाला दाणकन आवाज झाला, खालून लोखंड फुटून बाहेर पडलं आणि तेल रस्ताभर झालं. गफूरभाई वस्तीवर पळत गेले, पाया पडून बैल आणले. देवगाव फाट्याच्या अलीकडं आक्का थंड झाली. "गफूर डोकं आपटून घेऊ लागला," माय सांगायची. "म्हणला, माय, मेरे कू मालूम रहता तो मैं फूल के जैसा लाता. धीरे धीरे लाता." माय हे सांगताना माझ्याकडं बघत नसे. तिला काही ठाऊक नव्हतं. ती फक्त जे ऐकलं ते सांगत होती, आणि ते ऐकताना मी जात्याचा खुंटा धरून बसायची.

तेराव्यानंतर ती जीप बैलांनी ओढत आमच्या लिंबाखाली आणली. ठेकेदार आला होता, गफूरभाई मान खाली घालून उभे होते, आणि बघ्यांची काही कमी नव्हती. आबांनी खालचं तसराळं उतरवलं. तिसऱ्या दांड्याचं बेरिंग निघालंच नाही, त्याचा नुसता जळका चुरा निघाला. बाकीच्या तिन्हींना सुतभर झीज नव्हती. आबांनी तो चुरा तळहातावर घेतला, बोटानं चिवडला. एवढी झीज एका दिवसात होत नसते हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. ती गाडी आमच्याकडं आली तेव्हा वाजत असणार. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. नुसतंच.

मग ते उठले आणि चार माणसांदेखत ठेकेदाराला म्हणाले, "साहेब, गफूरची चूक न्हाई. त्येनं मला इचारलं व्हतं. मीच म्हणलं पळव." आणि पुढं म्हणाले, "माझे कान गेलेत. लय दिवस झाले. मला काय बी ऐकू येत न्हाई." एवढी वर्षं मायनं झाकून ठेवलेली गोष्ट त्यांनी अशी रस्त्यावर मांडली. लोक एकमेकांकडं बघायला लागले. पोरीची खूण, पोरीचं बोट, यातला एक शब्द त्यांनी काढला नाही. गफूरभाईंची नोकरी तरीही गेली. जाताना ते आबांच्या गळ्यात पडले. मी ओसरीत खांबामागं उभी होते.

त्या दिवसापासून लिंबाखाली गाडी आली नाही. आबांनी पाने एका पोत्यात भरून पोटमाळ्यावर टाकले आणि पुन्हा फाळ शेवटायला बसले. भावकीनं जे बोलायचं ते बोलून घेतलं.

त्याच आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावलं. नेहमी गडगडणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज लहान करायला बघत होते, आणि तो कधी फार लहान व्हायचा, कधी फार मोठा, त्यांना स्वतःला कळत नव्हतं. "चंद्रे," ते म्हणाले, "ती ठक तुला ऐकू आली न्हवती ना?"

सांगायची वेळ ती होती. देवानं पुढ्यात आणून ठेवली होती. मी मान हलवली. न्हाई.

आबा खाली बसले. त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि म्हणाले, "माझ्या बापाचं बी असंच सुरू झालं व्हतं. आदी खालचा आवाज जातोय. मग वरचा. माझ्याच पोटी आलीस आन माझंच दुखणं घेतलंस. आन मी तुला इंजनाला लावली." ते रडत होते. मी लबाड ठरेन, मी बहिणीला मारलं म्हणतील, अशी भीती घेऊन मी उभी होते. आणि त्यांना वाटत होतं, पोर बहिरी व्हायला लागलीय.

मग उपचार सुरू झाले. रोज सकाळी आबा करडईच्या तेलात लसूण परतून ते कोमट करत, स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघत, आणि मला मांडीवर आडवी घेऊन कानात घालत. एवढी मोठी पोर, पण मी निमूट निजायची. त्यांची बोटं राठ होती, पण कानाला लागू देत नसत. एका हकिमाकडून त्यांनी पुडी आणली, एका देवऋष्याकडून गंडा आणला. ज्या माणसाला मिस्त्रीपणातून एक आणा मिळत नव्हता, त्यानं हे कशातून केलं, मला ठाऊक नाही. तेल घालून झालं की मला भिंतीकडं तोंड करून उभं करत आणि मागून एकदा पत्र्यावर खिळ्यानं, एकदा ऐरणीवर हातोड्यानं वाजवत. "कोण्चा हाय, सांग." त्यांना स्वतःला त्यातला एकही ऐकू येत नव्हता. मला दोन्ही येत होते. पत्र्याचा आला की मी "टिक" म्हणायची आणि त्यांना दिसावं म्हणून एक बोट वर करायची. ऐरणीचा आला की गप्प राहायची, किंवा मुद्दाम चुकायची. चुकले की मागं हातोडा खाली ठेवल्याचा आवाज यायचा. मग, "असू दे. उद्या बगू."

महिन्यावर हे चाललं. एका सकाळी त्यांनी ऐरण वाजवली आणि मला सहन झालं नाही. मी म्हणाले, "ठक," आणि मूठ वर केली.

त्यांनी परत वाजवली. "ठक," मी म्हणाले. पत्रा. "टिक." पुन्हा ऐरण. "ठक." आबांनी मला खांद्याला धरून वळवलं, माझे दोन्ही कान तळव्यांत झाकून धरले आणि चुलीकडं तोंड करून ओरडले, "अगं, वाचला! येका लेकीचा कान तरी वाचला आपल्या हातनं!" माय पदरानं डोळे पुसत दारात आली. आक्का गेल्यापासून आबा पहिल्यांदा हसत होते. मी तोंड उघडलं होतं. ते हसताना पाहून मिटलं.

आबा त्यानंतर एकोणीस वर्षं जगले. मी त्यांना सांगितलं नाही.